अकरावं स्थळ

११ नोव्हेंबर २०२४

नवी वही. वैजयंतीवहिनीनं दिवाळीत दिली. पहिल्या पानावर नाव लिहायची शाळेतली सवय अजून जात नाही. चंद्रिका, वय एकतीस, बी.कॉम., साखर पेठ, सोलापूर. पुढं नोकरी लिहायची वेळ आली की पेन अडतं. 'अण्णाच्या दुकानात बसते' असं लोक म्हणतात. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, महेश्वर. आम्ही वेबसाइट करून देतो. अण्णा गिऱ्हाइकांकडे जातो आणि कोड लिहितो. मजकूर, फोटो, फोन, तक्रारी, मोबाइल रिचार्ज, दुकान उघडणं, बंद करणं हे बाकीचं माझ्याकडे.

परवा तुळशीचं लग्न. आता आमच्या समाजाच्या मंडळाच्या वधू-वर साइटवर झुंबड उडेल. ती साइट अण्णानं बनवली, चालवते मी. आज सतरा नवी स्थळं चढवली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि यादीत त्याचा एक चौकोन दिसायला लागतो. त्यात फोटो, वय, शिक्षण, गाव, पालकांचा फोन.

माझाही चौकोन आहे. क्रमांक २१४. मे २०२२ मध्ये टाकला होता. पहिल्या महिन्यात चार फोन आले, बार्शीचे लोक येऊन बघूनही गेले. त्यानंतर एकही नाही. फोन अण्णाचा दिलाय, कारण अप्पांना, माझ्या वडिलांना, मोबाइलवर बोलणं जमत नाही. काम संपलं की मी एकदा तो चौकोन उघडून बघते. फोटो बरा आलाय, चष्मा न लावता काढलेला. वय दरवर्षी आपोआप वाढतं, तेवढं अण्णानं छान केलंय.

आज सोमवार, म्हणून अप्पा मंडळाच्या कचेरीत जाऊन आले. "काही आलं का?" असं शिवयोगीकाकांना विचारायला. काका मंडळाचे सेक्रेटरी. अप्पा घरी आल्यावर काहीच बोलत नाहीत. मी विचारत नाही.

अव्वा म्हणजे आई. ती म्हणाली, "कशाला रोज त्यात डोकं घालतेस? व्हायचं तेव्हा होतंय की."

१४ नोव्हेंबर

एक गमतीदार फोन. दुधनीहून चन्नवीर मास्तर म्हणून कुणी. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, मुलासाठी मुलगी बघतायत.

"तुमच्या साइटवर चूक आहे हो. वय अठ्ठावीस ते बत्तीस, पदवीधर, सोलापूर शहर, असं भरलं की वर लिहून येतंय 'अकरा स्थळं सापडली'. खाली मोजले तर दहाच. तीनदा मोजले. अकरावी मुलगी कुठंय?"

मी म्हटलं, "नेट स्लो असेल, सर."

"नेट स्लो असलं तर मुलगी उशिरा येईल. येणारच नाही, असं कसं?"

मी दुकानातल्या कम्प्युटरवर तेच भरून बघितलं. अकरा. एक एक बोट ठेवून मोजले, अकराच. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग तुमच्याकडं अकरा आणि माझ्याकडं दहा, हे तर आणखी वाईट."

अण्णाला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. "जुनं पान मोबाइलमध्ये राहिलं असेल. म्हाताऱ्याला म्हणावं, बंद करून चालू कर."

१९ नोव्हेंबर

मास्तरांनी बंद करून चालू केला. दहाच. पुतण्याच्या मोबाइलवरही दहा. आता त्यांनी इतर गटांची यादी करून पाठवलीय. वय वीस ते पंचवीस, बरोबर. सव्वीस-सत्तावीस, बरोबर. तिशीच्या पुढच्या पदवीधरांतच एक कमी. मी माझ्या मोबाइलवर बघितलं, अकरा. अण्णाला म्हटलं, "प्रोग्रॅमला पण तिशीच्या मुली नको झाल्यात वाटतं!" तो हसला नाही. म्हणाला, "ते मी बघतो. तू त्यात पडू नकोस. तुला बाकी काम कमी आहे का?"

खरंय, कमी नाही.

२५ नोव्हेंबर

अण्णा काल पुण्याला गेला, बारा दिवस. एका कारखान्याच्या साइटचं काम तिथंच बसून करायचंय. जाताना मी विचारलं, मास्तरांचं काय? "आल्यावर."

आज सहज वहिनीच्या मोबाइलवर साइट उघडली. दहा!

म्हणजे मास्तर बरोबर होते. मग लक्षात आलं. दुकानातला कम्प्युटर आणि माझा मोबाइल, दोन्हीकडं मी मंडळाच्या नावानं लॉगिन केलेली असते. वहिनी नाही. लॉगिन असलं तर अकरा, नसलं तर दहा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि नावं जुळवत गेले. न जुळलेलं एकच नाव राहिलं.

माझं.

आधी हसायलाच आलं. शेकडो मुलींत यंत्रानं विसरायला बरोबर मलाच निवडलं! मग एकदम कळलं याचा अर्थ काय, आणि मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून खुर्चीत बसून राहिले. म्हणजे मी कुणाला दिसतच नव्हते. रंग नाही, चष्मा नाही, वय नाही. बार्शीचे सोडले तर कुणी बघून नाकारलं नाही, कुणी बघितलंच नाही. कित्येक महिने मी आरशासमोर उभी राहून काय काय शोधत होते, आणि चूक कोडात होती.

इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. येताना अप्पांसाठी भजी घेतली.

२६ नोव्हेंबर

अव्वाला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हटलं, "अव्वा, माझं स्थळ साइटवर दिसतच नव्हतं! मशीनची चूक. म्हणून फोन येत नव्हते." वाटलं तिला आनंद होईल. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "अण्णाला विचारल्याबिगर काही करू नको," एवढंच म्हणाली. तिला कम्प्युटरची भीतीच वाटते.

अण्णाला फोन लावला. तो एकदम ओरडला. "कोडला हात लावायचा नाही! साइट बंद पडली तर मंडळाला तोंड कोण दाखवणार? मी आल्यावर बघतो म्हटलं ना."

त्याचंही बरोबर आहे. मला कोड येत नाही. पण बघायला काय हरकत आहे? बघितल्यानं काही मोडत नाही, असं एका व्हिडिओत सांगितलंय. तो परत येईपर्यंत नेमकी चूक शोधून ठेवावी म्हणतेय. अडीच वर्षं त्याच्या बहिणीचं स्थळ त्याच्याच साइटवर अडकलंय हे त्याला कळलं तर किती वाईट वाटेल. निदान उत्तर हातात असलेलं बरं.

२९ नोव्हेंबर

तीन दिवस दुपारी व्हिडिओ बघतेय. एक हैदराबादची बाई शिकवते, सावकाश. जावास्क्रिप्ट ही पानात हालचाल घडवणारी भाषा, आणि त्या भाषेचंच सोपं केलेलं रूप म्हणजे जेक्वेरी. अण्णा हे इतकी वर्षं करत होता आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून कधी विचारलंही नाही.

पान म्हणजे एक झाड असतं म्हणे, उलटं, मूळ वर. प्रत्येक भाग कुणाच्या तरी पोटात. ज्याच्या पोटात तो पॅरेंट, पोटातले ते चिल्ड्रन, एकाच पोटातले ते सिब्लिंग्ज. नात्यांची नावं आहेत म्हटल्यावर मला पटकन जमायला लागलं. डॉलरचं चिन्ह, मग कंसात भागाचं नाव. जेक्वेरी तो भाग शोधून तुमच्या हातात देते. मग रंगवा, हलवा, लपवा, काढून टाका. आज सगळ्या चौकोनांना पिवळा रंग दिला. मग फक्त होटगी रोडच्या मुलींना हिरवा. हे फक्त माझ्या पडद्यावर होतं, पान पुन्हा उघडलं की सगळं जागच्या जागी. एकटीच हसत होते. रिचार्जला आलेला माणूस बघत राहिला.

२ डिसेंबर

एक गोष्ट सापडली. लॉगिन न करता पान उघडलं आणि सर्व्हरकडून, म्हणजे साइट जिथं ठेवलीय त्या कम्प्युटरकडून, आलेला मूळ मजकूर बघितला. त्यात मी आहे. २१४, फोटोसकट. पण पडद्यावरच्या पानात चौकोन मोजायला सांगितले तर दहा. म्हणजे सर्व्हर मला व्यवस्थित पाठवतो. मी लोकांच्या मोबाइलपर्यंत पोचते. पोचल्यावर नाहीशी होते.

याचा अर्थ पानाबरोबर येणारी एखादी स्क्रिप्ट हे करते. अशा सहा फाइली आहेत. दोन वाचल्या, काही नाही. एक फिल्टरची, तीच असणार असं वाटलं होतं, पण ती अगदी साधी आणि बरोबर आहे. अण्णाचा हात स्वच्छ आहे. कुठं काय होतंय ते लिहून ठेवतो.

आज सोमवार. अप्पा ऊन असूनही जाऊन आले. मी म्हटलं, "अप्पा, थोडे दिवस जाऊ नका. एक गंमत होणार आहे."

"काय गं चंद्रव्वा?"

"आत्ता सांगत नाही."

४ डिसेंबर

सापडलं.

त्या बाईनं एक युक्ती सांगितली होती. ज्या खोक्यात चौकोन आहेत त्यावर खूण करून ठेवायची की आतलं काही बदललं की थांब. पान पुन्हा उघडलं की ब्राउझर त्या क्षणी थांबतो आणि कुठल्या ओळीनं बदल केला तीच दाखवतो. दुपारी तीन वाजता केलं. थांबला.

वर फोटो सरकतात ना, त्या स्लायडरची फाइल. फाइल संपते. त्याखाली शंभर-सव्वाशे रिकाम्या ओळी. आणि मग तीन ओळी. पहिली, मंडळाचं लॉगिन नसेल तर. दुसरी, डॉलर, कंसात स्थळ-२१४, टिंब, रिमूव्ह. तिसरी नुसता बंद कंस.

हाइडसुद्धा नाही. हाइड असतं तर मी पानात राहिले असते, फक्त दिसले नसते.

यंत्राला माझा क्रमांक माहीत नसतो. तो कुणाला तरी टाइप करावा लागतो.

५ डिसेंबर

दुकान उघडलं नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

फाइलची तारीख सर्व्हरवर दिसते. २० जून २०२२. माझ्या जुन्या वह्या लोखंडी पेटीत आहेत. काढून बघितलं. २० जूनला मी लिहिलंय:

'आज अण्णा म्हणाला, चंदे, तू गेलीस की हे दुकान मला बंदच करावं लागेल. इतकं कौतुक त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. लई बरं वाटलं.'

तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे.

६ डिसेंबर

सकाळपासून मनाशी त्याच्या बाजूनं बोलतेय. त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला कळला असेल. कुणी सूड घेतला असेल. पण कोण? मंडळात कुणाला जेक्वेरी येतं? आणि रिकाम्या ओळी. कुणाला दिसू नये म्हणून सोडलेल्या त्या ओळी. एन्टरचं बटन तो शंभरदा दाबत होता तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर कुणाच्या तरी मुलीचा बायोडेटा टाइप करत असणार.

७ डिसेंबर

अण्णा दुपारी स्टेशनवरून थेट दुकानात आला. बॅग ठेवली, म्हणाला चहा सांग. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

त्यानं बघितलं. खाली बसला.

"टेस्टिंगचा कोड राहिला असेल."

"शंभर ओळी खाली?"

त्यानं माऊस हातात घेतला, पुन्हा ठेवला.

"अण्णा, लॉगिन असलं की मी दिसते. म्हणजे मला दिसावं आणि बाकी कुणाला दिसू नये, इतका विचार करून केलंयस."

तेव्हा तो बोलायला लागला. बार्शीचे लोक रंगावरून बोलून गेले तेव्हा मी आठ दिवस नीट जेवले नव्हते. हे खरं आहे. "मला बघवत नव्हतं," म्हणाला. "दर महिन्याला एक नवं घर येणार, तू साडी नेसून बसणार, ते पोहे खाऊन जाणार. म्हटलं, नकोच. तुला नकार ऐकायलाच लागू नये."

त्याचे डोळे भरले होते. खोटं रडत नव्हता. तेच सगळ्यात वाईट.

मी म्हटलं, "नंबर तुझाच होता. आलेल्या फोनना तूच नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं. मला पानातून काढायची काय गरज होती?"

तो म्हणाला, "म्हणतच होतो की. महिनाभर. फोन येतच होते. रोज खोटं बोलायला जड जायला लागलं."



"किती फोन आले होते?"

"मोजले नाहीत."

मी चार समजत होते. तो मला चारच सांगत होता.

"आणि दुकान?" मी विचारलं. "दुकानाचं काय?"

तो टेबलाकडं बघत म्हणाला, "ते पण होतं. खोटं कशाला बोलू. ते पण होतं."

चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. दोन्ही तसेच राहिले.

८ डिसेंबर

मी अव्वाला सांगायला गेले. तिला नीट समजेल अशा शब्दांत, कारण काल मी आल्यापासून ती माझ्याकडं बघतच नव्हती. मला वाटलं, अण्णाच्या बाजूनं काही बोलेल. ती म्हणाली,

"मी एकच वर्ष म्हटलं होतं त्याला."

मला आधी कळलंच नाही.

"अप्पांचा कारखाना बंद पडला. वैजयंतीचे दिवस भरत आलेले. दुकान नुकतं उभं राहत होतं. सगळं घर तुझ्या हातावर चाललेलं. मी म्हटलं, महेश्वर, एक वर्ष थांबव काहीतरी करून. एकच वर्ष. मग ते सरलं कधी, आम्हाला कळलंच नाही बघ, यव्वा."

कळलं नाही. मला दर वाढदिवसाला कळत होतं.

मी विचारलं, "अप्पांना?"

तिनं मान हलवली. नाही.

"मला तेव्हा म्हटली असतीस की चंद्रे, एक वर्ष थांब, तर मी थांबले नसते का?"

ती पदराशी चाळा करत राहिली. थांबले असते. तिलाही माहीत आहे. मी न विचारता दोन वर्षं थांबले असते. म्हणूनच कुणी विचारलं नाही.

१० डिसेंबर

काल अप्पांना सांगितलं. मी सांगणार नव्हते, पण सोमवार होता आणि ते चप्पल घालत होते.

अप्पांनी पस्तीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवले. हातानं धरता येईल ते त्यांना समजतं. म्हणाले, "काढून टाकलं म्हंजे काय केलं?" मी वहिनीचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. वर अकरा लिहिलेलं दाखवलं. मग त्यांनी बोटानं एक एक चौकोन मोजला. दहाला थांबले, पुढं कोरं होतं, तरी बोट थोडं खाली सरकलं.

त्यांनी अण्णाला हाक मारली. आवाज चढवला नाही.

"मी दर सोमवारी जात होतो. तू बघत होतास."

त्यांनी मोबाइल अण्णापुढं धरला.

"एकदा तरी म्हणायचं होतंस की, अप्पा, उन्हाचं जाऊ नका."

मग चप्पल काढून ते आतल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. वहिनी भांडी घासताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं, चंद्रिका. पण सांगितलं तेव्हा नवल पण वाटलं न्हाई." मला तिचा राग आला नाही. उलट एवढं सरळ या घरात तीच बोलली.

आज ती ओळ पुसली. दुकानात अण्णा समोर बसला होता, त्यानं अडवलं नाही. पुसायच्या आधी बराच वेळ हात थांबला. खरं लिहिते. मला लग्न करायचंय का, हेच आता नक्की माहीत नाही. पण असायचं की नसायचं हे मी ठरवणार. ओळ पुसली, फाइल चढवली, वहिनीच्या मोबाइलवर मोजले. अकरा.

१३ डिसेंबर

चन्नवीर मास्तरांना कळवलं.

"आता अकरा. बरोबर. कोण होती हो ती?"

"होती एक."

"सापडली ना, झालं तर," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचं गणित सुटलं.

१६ डिसेंबर

अप्पा आणि मी कचेरीत गेलो. शिवयोगीकाकांना सगळं सांगितलं. ते आधी पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसले, मग म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. बाहेर जायला नको." मी म्हटलं, बाहेर जाऊ द्यायची नाहीच. पण साइटचा पासवर्ड आजपासून मंडळाकडे राहील, दुकानाकडे नाही. आज बहिणीला काढलं, उद्या कुणाच्याही मुलीला काढता येईल. ते त्यांना पटलं. दिवसाआड संध्याकाळी मी येऊन काम करायचं ठरलं.

मग मी म्हटलं, माझ्या स्थळावर फोन माझा टाकायचाय.

काका चुळबुळले. "पालकांचाच टाकायची पद्धत आहे गं. मुलीनंच फोन उचलला तर लोक काय म्हणतील?"

अप्पा इतका वेळ दाराकडं बघत बसले होते. म्हणाले, "नंबर तिचाच टाका, शिवयोगी. आमच्या नंबरांनी काय केलं ते बघितलंस की."

संध्याकाळी अण्णा म्हणाला, "माझ्या पोटावर पाय दिलास."  रात्रीच्या भाकरी मी त्याच्या वाट्याच्या थापल्या नाहीत. वहिनीनं थापल्या. किती कोत्या मनाची झालेय मी.

२ जानेवारी २०२५

नोकरी लागली. एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात, त्यांची साइट सांभाळायची. मॅनेजरनं विचारलं, "जेक्वेरी येतं का?" मी म्हटलं, "येतं." कुठं शिकलात, विचारलं. म्हटलं, घरी.

दुकानाची किल्ली अण्णाच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "मला एकट्याला जमणार नाही, चंदे." हे मला माहीत होतं. त्यालाही होतं, तेव्हापासून. त्यानं हे मला असं तोंडावर सांगितलं असतं, तर कदाचित मी अजून त्या खुर्चीवर असते.  ते दुकान मीसुद्धा उभं केलंय.

१९ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला घरची सगळी गेली होती, वहिनीच्या लहानग्यासकट. मी गेले नाही. गर्दीत अव्वाचा हात धरावा लागला असता.

आज दुपारी अनोळखी नंबर. जेऊरहून रेश्मा म्हणून. तिच्या भावासाठी. भाऊ तिकडंच बँकेत आहे, चौतीस वर्षांचा. ती आधी गडबडली. "पालक नाहीत का?" म्हटलं, आहेत, पण बोला माझ्याशीच. मग आम्ही वीस मिनिटं बोललो. नोकरी सोडणार का, विचारलं. मी नाही म्हटलं. चष्मा आहे का, तेही विचारलं. म्हटलं, आहे, जाड आहे. ती हसली. भावाशी बोलून कळवते म्हणाली.

 माझ्या स्थळासाठी आलेला फोन मी आयुष्यात पहिल्यांदा उचलला.

२६ जानेवारी

सुट्टी. सगळे घरात. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, अव्वा स्वयंपाकघरात, अप्पा अंगणात. रेश्माचा फोन आला.

खूप नीट बोलली बिचारी. घरात सगळ्यांना मी आवडले, पण भावाला वाटतं मुलीनं जेऊरलाच राहावं, आणि माझी नोकरी सोलापुरात. "वाईट वाटून घेऊ नका, ताई."

मी म्हटलं, "नाही, कळवलंत ते बरं केलंत." खरंच बरं वाटलं की नाही माहीत नाही.  पण कुणी गाळलेलं, कुणी मवाळ केलेलं काही नव्हतं. जे होतं ते पूर्ण माझ्या कानात आलं.

 बाहेर पेपर उलटायचा थांबला होता. अव्वा दारात आली. लाटणं हातात तसंच.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. इतकं रडताना मी तिला अप्पांची नोकरी गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. मी आत गेले, तांब्या भरला, तिच्या हातात दिला. तिनं माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं नाही, पण खालीही बसले नाही. ती पाणी पिईपर्यंत उभी राहिले, आणि मग तव्यावरची पोळी करपायला लागली होती, ती काढायला गेले.